भिंतीने प्यायलेलं अर्गन तेल

तेल कुठून गळतंय ते शोधून काढण्याचा मी जर्मनीत पगार घेतो.

थट्टा नाही. गाडीच्या गिअरबॉक्समधून तेल कुठे पाझरतं, का पाझरतं आणि कोणाच्या चुकीमुळे पाझरतं, हे शोधणं हीच माझी नोकरी. (तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'दुसऱ्या डिपार्टमेंटच्या' असंच येतं.) बारा वर्षांत माझ्या नजरेतून एक थेंब सुटलेला नाही. अशा माणसाच्या स्वतःच्या घरात, त्सुफेनहाउझेनमधल्या भाड्याच्या फ्लॅटच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, बशीएवढा तेलाचा डाग पडला. आणि तो कुठून आला ते मला सोळा दिवस 'कळलं नाही'! गळती शोधण्यात मी कमी पडलो असं कोणी समजू नये. तो शुद्ध नालायकपणा होता आणि तो पूर्णपणे माझा होता.

सुरुवात झाली चैत्रातल्या हळदीकुंकवाने. ते अर्थातच मे महिन्यात झालं, कारण आमच्याकडे सण पंचांग बघून येत नाहीत, हॉल मिळाला की येतात. वैशालीची, म्हणजे माझ्या बायकोची मैत्रीण मृणाल यजमानीण होती. पन्हं होतं, कैरीची डाळ होती, ओटीत हरभरे होते, आणि वाण म्हणून प्रत्येकीला अर्गन तेलाची एकेक बाटली! वाण दिलं की लुटणारीने गप्प बसावं अशी आपली रीत. पण मृणाल पडली सॉफ्टवेअरवाली. तिने प्रोजेक्टर लावून बावीस स्लाइड दाखवल्या.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वैशालीने त्या बावीस स्लाइड आम्हाला तोंडी ऐकवल्या. आम्ही म्हणजे मी, आमची आठ वर्षांची सई आणि सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेले माझे सासरे, अण्णा. अण्णा बांधकाम खात्यातून ओव्हरसीअर म्हणून निवृत्त झालेले. आजही कुठल्याही खोलीत शिरले की आधी कोपरे काटकोनात आहेत का ते बघतात, मग माणसांकडे बघतात.

"अहो, मोरोक्कोच्या नैर्ऋत्येला ही काटेरी झाडं असतात," वैशाली म्हणाली. (एरवी ती मला 'अरे मिलिंद' म्हणते. वडील आले की 'अहो' सुरू होतं आणि ते विमानतळावर सोडून आलो की बंद होतं.) "तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हे तेल काढतात. फळ वाळवायचं, आतली टणक बी दगडावर ठेवून दगडाने फोडायची, मग आतला गर दळायचा, मळायचा, तेव्हा कुठे वाटीभर तेल निघतं!"

"आणि मग ते चोपडायचं?"

"चोपडायचं काय! तिथल्या कोरड्या वाऱ्यात त्या बायका तोंडाला, हातांना, केसांना लावतात. व्हिटॅमिन ई असतं त्यात. कातडी मऊ होते, केसांना चमक येते, फाटे फुटत नाहीत. बिया भाजून काढलेलं तेल वेगळं, ते पावाबरोबर खातात. हे न भाजलेलं."

"उंड त्सीगेन! आणि बकऱ्या!" सई ओरडली आणि तिने आईच्या फोनवरचा फोटो अण्णांसमोर धरला. एका झाडाच्या शेंड्यापर्यंत दहा-बारा बकऱ्या उभ्या होत्या.

अण्णांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. "म्हणजे खाली चारा नाही," ते म्हणाले. "दुष्काळी भाग दिसतोय. आपल्या जतसारखा."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण वंगणशास्त्राचा विषय निघाला आणि जावयाने गप्प बसावं? मी पोळी बाजूला ठेवून अर्धा तास बोललो. केस हा मेलेला पदार्थ कसा असतो, त्याला वरून काहीही 'पोषण' कसं मिळत नाही, तेल हे फक्त वंगण कसं असतं, आणि शिकलेल्या बायका झाडावर चढलेल्या बकऱ्या बघून स्वतः कशा हरभऱ्याच्या झाडावर चढतात, वगैरे. शेवटी म्हणालो, "हे तेल माझ्या घरात कोणी डोक्याला लावलेलं मला चालणार नाही!"

"तुम्हाला कोण लावतंय?" वैशाली शांतपणे म्हणाली आणि माझ्या डोक्याकडे एक नजर टाकून भांडी उचलायला गेली.

ती नजर मला तेव्हा कळली नाही. चार दिवसांनी कळली. मी खाली वाकून सईच्या बुटाची नाडी बांधत होतो आणि वरून आवाज आला, "पापा, दा इस्ट आइन लोख!" लोख म्हणजे भोक. कुठे भोक? बुटात? नाही. पापाच्या डोक्यात! मी बाथरूममध्ये जाऊन दोन आरसे समोरासमोर धरले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची मागची बाजू पाहिली. तिथे चांगला ऐसपैस, बशी मावेल एवढा प्लॉट मोकळा झालेला होता! आजूबाजूलाही वस्ती विरळच होती.

मी आरसे खाली ठेवले. समोर कपाटात ती बाटली उभी होती.

खोटं कशाला बोलू? विज्ञानाने मला त्या क्षणी एकटं सोडलं. हे तेल केस उगवतं असं मृणालच्या बावीस स्लाइडमध्ये कुठेही नव्हतं, वैशालीने तसं म्हटलं नव्हतं, बाटलीवरही लिहिलेलं नव्हतं. केसांना चमक येते, एवढाच त्या बिचाऱ्या तेलाचा दावा होता. केस ज्याचे त्याने आणायचे होते! पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर अख्खी बाटली होती.

बाटलीवर जर्मन भाषेत लिहिलं होतं: दोन ते तीन थेंब. मला हसू आलं. तीन थेंब आपल्याकडे तीर्थ देतात! तेल लावणं म्हणजे काय हे या लोकांना माहीतच नाही. तेल टाळूवर थापायचं असतं, जिरवायचं असतं, कानामागून ओघळ आला की मग हात थांबवायचा असतो. मी लहानपणी आईच्या हातून जसं खोबरेल लावून घेतलं, त्या मापाने अर्गन तेल घेतलं. पाचव्या दिवशी बाटली संपली. मग मी ऑफिसमधून येताना गुपचूप दुसरी आणली आणि निम्मी पहिल्या बाटलीत ओतून ठेवली. मग तिसरी.

जागाही मी शिस्तीत ठरवली होती. आठवड्यातून तीन दिवस मी घरून काम करतो, ते अण्णांच्याच खोलीत. वैशाली ऑफिसात, सई शाळेत, आणि अण्णा रोज दहा ते बारा फिरायला. तेवढ्या वेळात मी तेल थापायचो, लॅपटॉप मांडीवर घेऊन दिवाणावर बसायचो, कॅमेरा बंद करायचो आणि डोकं मागे भिंतीला टेकून तेल गळतीवरच्या मीटिंगा ऐकायचो. फार शांत वाटायचं. बाराच्या आत शाम्पू करून मी पुन्हा बुद्धिवादी होत असे.

आणि एके दिवशी संध्याकाळी वैशालीची हाक आली. "अण्णा! हे काय?"

दिवाणाच्या वर, भिंतीच्या पांढऱ्या कागदावर गोल, पिवळसर डाग होता. मधे गडद, कडेला फिका.

"तुम्हाला किती वेळा सांगितलं अण्णा, खोबरेल लावून भिंतीला टेकू नका! हे आपलं घर नाही. इथे भिंतीत खिळा ठोकायचा तर विचारावं लागतं!"

अण्णा डागाजवळ गेले. वाकून पाहिलं, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग वळून माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा खिडकीतून बाहेरच्या एका सामान्य झाडाचं निरीक्षण करत होतो.

"असेल बाई," अण्णा म्हणाले. "खोबरेलाचं काही सांगता येत नाही."

बोल मिलिंदा, बोल! असं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हणालो, "असू दे गं, वय झालंय त्यांचं."

हे वाक्य आजही आठवलं की माझी मान खाली जाते. चौऱ्याहत्तर वर्षं ज्या माणसाने एक दिवस डोक्याला तेल लावायचं सोडलं नव्हतं, त्याने दुसऱ्या दिवसापासून खोबरेलाची बाटली बॅगेत घालून टाकली. दिवाणावर बसायचे ते लाकडी खुर्चीवर बसायला लागले, तेही कडेला, पाठ न टेकता, मुलाखतीला आल्यासारखे. डोक्यावर कानटोपी. मे महिन्यात! त्या टोपीखाली अण्णांचे केस होते, पांढरे पण अजून मुठीत न मावणारे. मला त्याचाही राग यायचा.

डागावर वैशालीने पंचांगाचं कॅलेंडर टांगलं आणि विषय संपला. संपायला हरकत नव्हती. पण मी प्रयोग चालूच ठेवला! (हाती घेतलेला प्रयोग अर्धवट टाकणं आमच्या क्षेत्रात कमीपणाचं मानतात.) आठवड्याभरात कॅलेंडरने तेल ओढलं. कागद असा पारदर्शक झाला की मे महिन्यातून जून दिसायला लागला. संकष्टी एका महिन्यात दोन-दोन दिसत होत्या.

"अण्णा," वैशालीचा आवाज आता खाली आला होता, आणि तो वर असतो त्यापेक्षा वाईट. "तुम्ही तेल बंद केलंय म्हणालात ना? चोरून लावता का?"

सई माझ्याकडे बघत होती, मी कॅलेंडरकडे बघत होतो आणि अण्णा स्वतःच्या पायांकडे.

"हो," अण्णा म्हणाले. "थोडंसं."

रात्री जेवताना त्यांनी वैशालीला सांगितलं, "पुढच्या आठवड्याचं तिकीट मिळतं का बघ. पावसाच्या आधी कौलं शाकारून घ्यायला हवीत." सांगलीच्या त्यांच्या फ्लॅटला स्लॅब आहे. जूनमध्ये सईच्या शाळेला सुट्टी लागणार होती, आणि आजोबा-नातीने त्या सुट्टीचा दिवसागणिक तक्ता करून फ्रिजवर चिकटवला होता. सई उठली, तिने तो तक्ता काढला आणि आपल्या खोलीत नेला. रडली नाही. मला वाटलं, उद्या सकाळी पहिलं काम, मी सांगून टाकणार.

सकाळी सांगायच्या आधी दारावर फ्राऊ हेगेले आल्या.

फ्राऊ हेगेले म्हणजे आमच्या घरमालकीण, वय सत्तरच्या पुढे, राहणार तळमजल्यावर. जिना झाडायची पाळी आमची असली की कचरा नाही याची खात्री करायला त्या स्वतः पायरी-पायरी वर येतात. त्या दिवशी त्या छतावरचे धुराचे अलार्म तपासायला आल्या होत्या. अण्णांच्या खोलीत त्यांनी वर पाहिलं, ठीक. खाली पाहिलं, ठीक. मग समोर पाहिलं आणि कॅलेंडर उचललं.

"वासरशाडन!" त्या ओरडल्या.

म्हणजे पाण्याची गळती. आणि संशय चुकीचा म्हणावा तरी कसा? भिंतीच्या पलीकडे आमचं बाथरूमच होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पाइप फुटला, भिंत सडली, बुरशी येणार, खालच्या मजल्यांचं काय!

वैशालीने माझ्या कोपराला चिमटा काढला आणि मराठीत कुजबुजली, "गप्प बसा. पाणी तर पाणी. अण्णांचं नाव परक्या बाईसमोर नको." मला तेवढंच हवं होतं. मी अत्यंत निष्ठेने गप्प बसलो.

"हेर सोमण," फ्राऊ हेगेले म्हणाल्या, "तुम्ही तर गळतीतले तज्ज्ञ! तुमचं काय मत?"

"आल्झो," मी घसा खाकरला. (जर्मन माणूस वेळ काढायचा असला की आल्झो म्हणतो, बारा वर्षांत मी तेवढं नीट शिकलोय.) "बाहेरच्या थंडीने भिंतीत दव धरलं असेल."

"थंडीने? या भिंतीच्या बाहेर तुमचं बाथरूम आहे."

"जा, गेनाऊ," मी म्हणालो. हो, अगदी बरोबर. दुसरं काय म्हणणार?

तासाभरात आमच्या बाथरूमचं पाणी मुख्य नळापासून बंद झालं. जिन्यात सगळ्या शेजाऱ्यांसाठी फ्राऊ हेगेलेंच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लागली: तिसऱ्या मजल्यावर गळतीचा संशय, आपापल्या भिंतींवर लक्ष ठेवावे. आणि माणुसकी म्हणून त्यांनी स्वतःचं बाथरूम आम्हाला देऊ केलं, वेळापत्रकासकट. अण्णांची वेळ सहा चाळीस ते सात.

आता हे दृश्य बघा. सकाळी साडेसहाला अण्णा पंचा खांद्यावर टाकून, हातात तांब्या घेऊन, स्तोत्र पुटपुटत तीन मजले उतरतात. दारात फ्राऊ हेगेले पायपुसणं घेऊन उभ्या. दोघं एकमेकांना 'मोर्गेन' म्हणतात. वीस मिनिटांनी अण्णा पुन्हा तीन मजले चढतात, आणि त्यांच्या मागून फ्राऊ हेगेले पायऱ्यांवर पडलेले थेंब पुसत येतात. पाच दिवस! गुडघेदुखीचा चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, माझ्या डोक्यावर उगवणार नसलेल्या केसांसाठी! रोज ते वर आले की मी म्हणायचो, "अण्णा, चहा?" याच्या पलीकडे माझं धैर्य गेलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी गळतीवाला आला. तो बिचारा माझाच जातभाई, भिंतीतल्या गळत्या शोधणारा. फरक एवढाच की तो प्रामाणिक होता. सगळे त्या खोलीत जमलो. त्याने डागावर यंत्र लावलं. यंत्र म्हणालं, शून्य. बाजूला लावलं, शून्य. त्याने यंत्र हलवलं, स्वतःच्या ओल्या बोटाला लावून पाहिलं, ते ओरडलं. पुन्हा डागाला लावलं, शून्य!

"भिंत कोरडी आहे," तो म्हणाला, "पण ओली दिसते आहे. हे फार वाईट."

"फार?" फ्राऊ हेगेलेंनी खुर्चीचा आधार घेतला.

"आत काय चाललंय ते उघडूनच बघावं लागेल." त्याने डागाभोवती पेन्सिलीने सुबक चौकोन काढला, जमिनीवर प्लास्टिक पसरलं आणि पेटीतून ड्रिल काढलं. प्लग लावला. मी सांगणार होतो! आई शप्पथ सांगणार होतो, ड्रिल सुरू व्हायच्या आत, फक्त जर्मन वाक्याची जुळवाजुळव करत होतो, क्रियापद शेवटी येतं ना...

"हाल्ट!"

अण्णा खुर्चीवरून उठले होते. त्यांनी कानटोपी काढली आणि छातीवर हात ठेवला. सईबरोबर बसून शिकलेली जर्मन त्यांनी अख्खी खर्च केली. "इश. ओएल. माइन कोप्फ." मी. तेल. माझं डोकं.

"अण्णा, नको ना!" वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"असू दे गं. भिंत फोडतात म्हणजे काय! ही वरचा भार पेलणारी भिंत आहे की नाही तेसुद्धा बघितलेलं नाही यांनी." आणि ते दिवाणावर जाऊन बसले आणि डोकं मागे भिंतीला टेकून दाखवलं, असं, रोज, असं.

सईने पुढचं सगळं जर्मनमध्ये समजावलं. फ्राऊ हेगेलेंच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग सुटका. त्या अण्णांना काहीतरी मायेचं बोलणार, तेवढ्यात गळतीवाल्याने हात वर केला.

"मोमेंट." त्याने टेप काढला. अण्णांच्या डोक्यामागे पेन्सिलीने खूण केली. डागाच्या मध्याला दुसरी खूण केली. मोजलं. पुन्हा मोजलं. "पास्ट निश्ट. हे डोकं डागाला बसत नाही. सात सेंटिमीटर कमी पडतं."

चार बोटं! आपल्याकडे एवढ्यावर कोणी विचारलं असतं? 'तेलाचा डाग, म्हातारा माणूस, मिटवा' म्हणून चहा प्यायला बसलो असतो. पण या देशात कबुलीजबाबसुद्धा मापात बसावा लागतो.

"या दिवाणावर आणखी कोण बसतं?" त्याने विचारलं.

खोलीतल्या एकूण एक माणसाची नजर हळूहळू वर येत अण्णांपेक्षा बरोबर चार बोटं उंच असलेल्या डोक्यावर येऊन थांबली.

"बिट्टे," गळतीवाला म्हणाला आणि त्याने दिवाणाकडे हात केला.

मी बसलो. डोकं टेकलं. एका सुखद, सवयीच्या जागी ते जाऊन विसावलं. त्याने खूण केली, टेप लावला, आणि त्याचा चेहरा उजळला. "पास्ट गेनाऊ!" इतका आनंद त्याला पाइप सापडूनही झाला नसता.

फ्राऊ हेगेलेंनी पुढे होऊन डागाचा वास घेतला. "अर्गन!" त्या म्हणाल्या. "मी टाचांना लावते. फार छान आहे. पण तुम्ही कशाला लावता?"

"केसांना," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या डोक्याकडे समोरून पाहिलं. मग जरा बाजूला झुकून मागून पाहिलं. बाईंच्या मनात कुचेष्टा अजिबात नव्हती, खरीखुरी चौकशी होती. "कुठल्या?"

"अरे!!" वैशाली एकदम किंचाळली. वडिलांसमोर पहिल्यांदाच 'अरे' निघालं होतं. "ती बाटली! मी सगळ्या ग्रुपला सांगत फिरतेय की हे तेल महिनाभर लावलं तरी संपत नाही! आठ जणींनी मागवलं माझ्या शब्दावर! आणि माझ्या वडिलांना मी... मी त्यांना चोर म्हटलं, आणि तू इथे उभा होतास!"

यावर काय बोलणार? मी 'आल्झो' म्हणालो. नसतं म्हटलं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बाथरूमचं पाणी आलं. वैशाली आधी अण्णांजवळ बसून मनसोक्त रडली आणि मग माझ्याशी बोलायची बंद झाली. मी अण्णांसमोर जाऊन उभा राहिलो. माफी मागितली. मग न राहवून विचारलं, "अण्णा, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. चाळीस वर्षं भिंती बघितल्यात मी. आणि खोबरेलाला असा वास नसतो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? जावयाच्या डोक्याचा विषय सासऱ्याने कसा काढायचा?" ते चष्मा पुसत राहिले. "आणि वाटलं होतं, तुम्ही आज सांगाल. आज नाही तर उद्या. सोळा दिवस वाट बघितली, जावईबापू."

रागाने बोलले असते तर सोसलं असतं. ते नेहमीच्याच आवाजात बोलले. मी सईच्या खोलीत गेलो, तिच्याकडून सुट्टीचा तक्ता मागून आणला आणि फ्रिजवर होता तिथे परत लावला. तिकीट बदललं नाही. कौलांचा विषय पुन्हा निघाला नाही.

भिंत मी स्वतः रंगवली. तेलावर साधा रंग बसत नाही, दोनदा डाग वर आला, तेव्हा खास अस्तर लावून मग दोन हात दिले. अण्णा खाली उभे राहून 'इथे कमी पडलाय', 'तिथे ओघळ आलाय' असं ओव्हरसीअरच्या आवाजात सांगत होते आणि मी मुकाट्याने ऐकत होतो. खोबरेलाची बाटली बॅगेतून बाहेर आली. कानटोपी आत गेली. अर्गन तेल आता वैशाली लावते, तीन थेंब, आणि खरंच सांगतो, तिचे केस सुरेख दिसतात. (हे मी तिला सांगितलं. तिने 'हं' म्हटलं. बोलणं सुरू झालं होतं.)

जुलैत अण्णा परत जायच्या आदल्या आठवड्यात फ्राऊ हेगेले त्यांच्यासाठी केक घेऊन वर आल्या. अण्णा दिवाणावर पाय पसरून, सईला मांडीशी घेऊन बसले होते. उठून नमस्कार करायला ते पुढे वाकले, आणि मागे नव्या रंगावर गोल, पिवळसर डाग दिसला.

फ्राऊ हेगेलेंनी केक खाली ठेवला. अण्णांचा हात हळूच डोक्याकडे गेला.

"माझा आहे," मी म्हणालो. वाक्याची जुळवाजुळव या वेळी करावी लागली नाही.

फ्राऊ हेगेलेंनी डागाकडे पाहिलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं, पुन्हा डागाकडे पाहिलं. "पण हेर सोमण, हा तर मागच्यापेक्षा चांगला सात सेंटिमीटर खाली आहे."

"जा," मी म्हणालो. "मागच्या वेळी मी जरा जास्तच ताठ बसत होतो."